हयात का मयत

आमच्याकडे वारस नोंदीचा अर्ज येतो ना, त्यात माणसाला दोनच प्रकारे असता येतं. हयात नाहीतर मयत. मयत असेल तर दाखला जोडा, हयात असेल तर स्वतः येऊन सही करा, विषय संपला. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी बावीस वर्षं गेली, लाल फडक्यातले रुमाल सोडायचे, हवा तो फेरफार शोधायचा, नक्कल द्यायची, परत गाठ मारून फळीवर ठेवायचं, आणि ह्या बावीस वर्षांत माझ्या टेबलापुढं पंधरा-वीस माणसं तरी अशी उभी राहिली असतील की ज्यांचं माणूस ह्या दोन्हीत बसत नव्हतं.

त्यातली एक माझी आत्या.

आत्याचा नवरा कार्तिकीला पंढरपूरला म्हणून गेला तो आलाच नाही. मी तेव्हा शाळेत होतो. पोलीस स्टेशनला मिसिंगची तक्रार झाली, पेपरात दोन बोटांएवढा फोटो आला, चुलते चंद्रभागेच्या वाळवंटात दोन दिवस फिरून आले, मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. सात वर्षांनी दीर म्हणाले आता कोर्टात जाऊ, सात वर्षं काही कळलं नाही की कोर्ट मयत धरतं, वाटण्या तरी होतील. आत्यानं सही केली नाही. बारा वर्षांनी भटजी म्हणाले पालाशविधी करून टाका, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग रीतसर दहावं-तेरावं. आत्या तिथंही नाही म्हणाली. सगळ्या घरासमोर म्हणाली, "तुम्हाला मारायचंय तर मारा, मी नाही मारणार." कुंकू आजही लावते. लोक पहिल्यांदा हळहळले, मग कुजबुजले, मग त्यांनाही सवय झाली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेली दोनेक वर्षं मी रात्री जेवण झालं की फोनवर अर्जेंटिना वाचत असतो. बायको म्हणते तुमचं काय अडलंय तिथं. तसं काहीच नाही. माझं त्या देशाशी नातं म्हणजे वडलांचा रेडिओ. १९७५ला आपण हॉकीचा वर्ल्ड कप जिंकलो आणि पुढचा वर्ल्ड कप १९७८च्या मार्चमध्ये ब्युनोस आयर्सला होता, आपण सहावे आलो, आणि वडील मरेपर्यंत "ब्युनोस आयर्सला घालवलं" असं एखाद्या नातेवाइकानं जमीन घालवल्यासारखं सांगायचे. तो वर्ल्ड कप चालू असतानाच तिथल्या लष्करी सत्तेला दोन वर्षं झाली होती, तारीख २४ मार्च. त्या शहरात तेव्हा रात्री काय चाललं होतं हे आमच्या घरी कुणाला माहीत असणार, आणि तिथल्या बऱ्याच लोकांनीही आम्हाला माहीत नव्हतं असंच नंतर सांगितलं.

तर वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि मी उठूनच बसलो. १९७९च्या डिसेंबरमध्ये हुकूमशहा विदेला, म्हणजे जनरल होर्हे विदेला, त्याला पत्रकार परिषदेत लष्करानं उचलून नेलेल्या बेपत्ता लोकांबद्दल विचारलं. तो हात हवेत फिरवत म्हणाला की बेपत्ता म्हणजे एक कोडं आहे, त्याला अस्तित्व नाही, तो मेलेलाही नाही, जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे. म्हणजे माझ्या टेबलावरचा अर्जच की हो. फरक एवढाच की माझ्या अर्जात तिसरा रकाना नसणं ही कुणाच्या तरी आळसाची गोष्ट आहे आणि ह्या माणसानं तोच रकाना मुद्दाम तयार करून हजारो लोक त्यात ढकलून दिले, वर म्हणतोय बघा बुवा, कोडं आहे.

(आत्याच्या नवऱ्याला कुणी उचलून नेलं नव्हतं, निदान तसं काही कधी कळलं नाही. तेव्हा तुलना करायची माझी टाप नाही. पण वाट बघणारी बाई मी लहानपणापासून रोज बघितलीय, एवढंच.)

बेपत्ता ह्या शब्दाचीच गंमत बघा. आपण म्हणतो तो बेपत्ता झाला, हरवला, नाहीसा झाला. सगळं आपोआप होतं, करणारा कुणीच नाही, जसं काही दव उडून गेलं. स्पॅनिशमध्येही मुळात तसंच होतं म्हणे, पण तिथले लोक हळूहळू म्हणायला लागले की तो नाहीसा झाला नाही, त्याला नाहीसा केला. व्याकरणात चूक, पण वाक्याला कर्ता मिळाला. मला विचाराल तर सत्यशोधन आयोग नावाचं जे काय असतं त्याचं सगळं काम हेच आहे, हरवलेला कर्ता परत आणून वाक्यात बसवणं. आणि ते भाषणं करून होत नाही. कारकुनीनं होतं. हे मी कारकून आहे म्हणून म्हणतोय असं वाटेल, वाटू दे.

उचलायची पद्धत साधारण ठरलेली. रात्री गाडी यायची, बरेचदा बिननंबरची फोर्ड फाल्कन, साध्या कपड्यातली हत्यारबंद टोळी, माणसाच्या डोळ्यावर पट्टी, आणि जाता जाता घरातला टीव्ही-फ्रीजसुद्धा भरून न्यायचे. पुढे लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगानं आकडे काढले त्यात बेपत्तांपैकी ६२ टक्के लोक घरातून, घरच्यांच्या डोळ्यांदेखत उचललेले होते. म्हणजे साक्षीदार होतेच. आई बघतीय, बायको बघतीय, शेजारी पडद्याआडून बघतोय. मग आई पोलीस स्टेशनला जाणार, तिथं म्हणणार आमच्याकडं नाही. लष्कराच्या छावणीत जाणार, आमच्याकडं नाही. मग वकील गाठून हेबियस कॉर्पसचा अर्ज, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा असा, त्यावर जज्ज सगळ्या खात्यांना विचारणार, सगळी खाती कळवणार की ह्या नावाची व्यक्ती आमच्या ताब्यात नाही, आणि अर्ज फाईल होणार. असे हजारो अर्ज. आमच्या भाषेत ह्याला निरंक म्हणतात. वरून पत्र येतं माहिती कळवा, आपण खाली लिहितो, माहिती निरंक, सही, शिक्का. मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल निरंक, कधी हात थबकला नाही. आता थोडा थबकतो.

आतल्या लोकांची भाषा तर त्याहून भयंकर, कारण ती साधी आहे. उचललेल्या माणसाला म्हणायचे चुपादो, म्हणजे शोषून घेतलेला, स्ट्रॉनं ओढून घेतात तसा. डोळ्यावरच्या पट्टीला म्हणायचे ताबीके, म्हणजे घरात दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत घालतात ना, ती. आणि मारायला न्यायचं असलं की त्याला शब्द होता त्रास्लादो. त्याचा सरळ अर्थ बदली. आमच्याकडं मे महिन्यात लोक ज्या शब्दाची वाट बघतात तो शब्द. नौदलाची मेकॅनिक्स स्कूल होती ब्युनोस आयर्समध्ये, तिला तिच्या अद्याक्षरांवरून एस्मा म्हणतात, तिथून साधारण पाच हजार माणसं गेली असा अंदाज आहे, वाचली थोडी. तिथं बदलीचा वार बहुतेक बुधवार. नंबर पुकारायचे, खाली तळघरात न्यायचे, दक्षिणेकडं पाठवतोय, लस घ्यावी लागेल असं सांगून गुंगीचं इंजेक्शन द्यायचे, आणि मग विमानातून खाली, नदीत नाहीतर समुद्रात. जिवंत. १९७८चा फुटबॉल वर्ल्ड कप झाला ते रिव्हर प्लेटचं स्टेडियम तिथून जेमतेम किलोमीटरभर, गोल झाल्यावरचा आरडाओरडा वर माळ्यावर तोंड झाकणाऱ्या टोप्या घालून पडलेल्या कैद्यांना ऐकू यायचा.

१९८२ला फॉकलंडचं युद्ध हरले आणि लष्कराचे दिवस भरले. पण जाता जाता त्यांनी दोन गोष्टी केल्या, स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला, आणि शेवटच्या हुकूमशहानं, बिन्योनेनं, कागदपत्रं नष्ट करा असा फतवा काढला. कागद जाळा! मला ह्यात एक विचित्र समाधान वाटतं हे खरं सांगतो. बंदुका ज्यांच्याकडं होत्या ते शेवटी कागदाला घाबरले.

राऊल आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले १० डिसेंबर १९८३ला, आणि पाचव्या दिवशी, १५ डिसेंबरला, त्यांनी आयोग नेमला, कोनादेप, बेपत्ता व्यक्तींसंबंधी राष्ट्रीय आयोग. अध्यक्ष एर्नेस्तो साबातो, कादंबरीकार, मूळचे फिजिक्सवाले. सदस्यांत एक रब्बी, एक कॅथलिक बिशप, एक मेथडिस्ट बिशप, एक पत्रकार बाई, एक गणिती, आणि डॉक्टर रेने फावालोरो, बायपास सर्जरीचं नाव निघालं की ज्यांचं नाव निघतं ते, ते पुढं मध्येच बाहेर पडले. साक्षी नोंदवायच्या विभागाच्या प्रमुख ग्रासिएला फर्नांदेस मेहिदे, ज्यांचा स्वतःचा सतरा वर्षांचा मुलगा १९७६मध्ये घरातून नेला होता. म्हणजे बाकीच्यांच्या मुलांच्या फायली लावायच्या आणि त्यातच कुठंतरी आपल्याही मुलाची फाईल. हे मी रोज जेव्हा रुमाल सोडतो तेव्हा डोक्यात येतं.

ह्या आयोगाला अधिकार काय होते, तर जवळजवळ काहीच नाही. कुणाला समन्स काढून बोलवायचा अधिकार नाही, कोण दोषी ते ठरवायचं नाही, ते कोर्टाचं काम. लष्कराला विचारलं की परत तेच, निरंक. मानवाधिकारवाल्या बऱ्याच संघटनांना संसदेची समिती हवी होती जी लोकांना खेचून आणू शकेल, बेपत्ता मुलांसाठी प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या घालणाऱ्या आयांचा तर आयोगावर भरवसाच नव्हता, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, सहा-सात वर्षं सरकारी दारं झिजवलेल्या बाईनं अजून एका सरकारी दारावर का भरवसा ठेवावा. पण लोक आले. शहराच्या मधोमध सान मार्तिन सांस्कृतिक केंद्रात ऑफिस होतं, तिथं रांगा लागल्या. सुरुवातीला सरकारनं दुसऱ्या खात्यांतून जे कर्मचारी दिले त्यातल्या कित्येकांना ते ऐकवेना, सोडून गेले, मग संघटनांतली सवयीची माणसं घेतली. मला कुणी विचारलं असतं तर मी टिकलो असतो का, माहीत नाही.

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. आलेल्या प्रत्येक तक्रारीची एक फाईल, लेगाहो म्हणतात, तिला नंबर. अहवालात कुठंही पान उघडा, साक्षीच्या शेवटी तो नंबर आहे. कोण, कधी, कुठून, कुणासमोर, अंगावर काय होतं, गाडी कुठली, नंतर कुणी कुठं बघितलं. नातेवाइकांची फाईल वेळ आणि दार सांगते, त्या पुढं काळोख. सुटून आलेल्याची फाईल बरोब्बर उलटी, त्याला दारापुढचं माहितीये पण तो कुठं होता ते नाही, कारण डोळ्यावर पट्टी. मग डोळ्यांशिवाय काय काय कळतं? किती पायऱ्या उतरलो, वळण डावीकडं का उजवीकडं, फरशी गार होती का सिमेंट, जवळून रेल्वे जाते, दुपारी शाळा सुटल्यासारखा पोरांचा गलका येतो, आत येताना लोखंडी शटर वर जातं तसा आवाज. एकानं हे ब्युनोस आयर्समध्ये सांगितलं, दुसऱ्यानं परदेशातल्या वकिलातीत बसून, एकमेकांना आयुष्यात भेटलेले नाहीत, आणि दोघांची रेल्वे, शाळा, शटर जुळलं. अशाच खुणांचं एक ठिकाण म्हणजे फ्लोरेस्ता भागातलं एक गॅरेज, ऑटोमोतोरेस ओर्लेत्ती, अगदी रेल्वे लाईनला लागून. आत शिरताना वॉकीटॉकीवर सांकेतिक शब्द होता सेसामो, अलीबाबाच्या गुहेचा.

अशी ३४० ठिकाणं काढली त्यांनी. तीनशे चाळीस! पोलीस ठाणी, छावण्या, शेतघरं, गॅरेज. एकाही ठिकाणी बोर्ड नव्हता आणि कागदोपत्री तिथं कधीच कुणी नव्हतं.

मग आयोगाची माणसं त्या जागेवर जायची, बरोबर वाचलेले लोक, एक आर्किटेक्ट, एक फोटोग्राफर. वाचलेला माणूस तिथं उघड्या डोळ्यांनी उभा राहिला की त्याला काहीच ओळखू यायचं नाही, त्यानं ती जागा कधी बघितलेलीच नव्हती ना. तो डोळे मिटायचा, भिंतीला हात लावत चालायला लागायचा, आणि मग बरोबर सांगायचा, इथं पायरी आहे, खाली वाकावं लागतं. एस्मामध्ये सगळ्यांनी एक जिना सांगितला होता, अधिकाऱ्यांच्या इमारतीतून खाली तळघरात उतरणारा, आणि एक लिफ्ट. प्रत्यक्षात तिथं जिना नव्हता, लिफ्टही नव्हती. म्हणजे साक्षीदार खोटे? तर १९७९मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग तपासणीला येणार म्हणून नौदलानं त्याआधी जिना तोडून बुजवला होता, लिफ्ट काढली होती. पण जिथं तोडलं तिथं खूण राहते. गवंड्याला विचारा, जुना प्लास्टर आणि नवा प्लास्टर कधी एक होत नाही. साक्षीदाराला खोटं पाडायला केलेली दुरुस्ती हाच त्याचा पुरावा झाला. आमच्याकडं सातबाऱ्यावर खाडाखोड करणाऱ्यांचं असंच होतं, खाडाखोड केली नसती तर कुणी बघितलंही नसतं.

आणि व्हिक्तोर बास्तेर्रा. ह्या माणसाबद्दल मी ऑफिसात इतक्या वेळा बोललोय की आता लोक चहाचा कप घेऊन उठून जातात. छापखान्यात काम करणारा माणूस, १९७९च्या ऑगस्टमध्ये उचलला, एस्मात ठेवला. त्याचा हात चांगला आहे हे कळल्यावर नौदलाच्या लोकांनी त्याला कामाला लावलं, स्वतःसाठी खोटे पासपोर्ट, खोटी लायसन्स, खोटी ओळखपत्रं बनवायला. म्हणजे छळणारे त्याच्यासमोर बसणार, टाय सरळ करणार, आणि तो त्यांचा फोटो काढणार. प्रत्येक फोटोच्या चार कॉपी लागायच्या. बास्तेर्रा पाच काढायचा. पाचवी लपवायची कुठं, तर फोटोच्या कोऱ्या कागदांच्या डब्यात, कारण त्या कागदाला उजेड लागला की तो वाया जातो, त्यामुळं झडती घेणारा शिपाई तो डबा उघडत नाही. विचार करा, त्या जागेत, जिथं माणसाच्या अंगावर स्वतःचा असा एक कपडा नाही, तिथं त्यानं लपवायला जागा शोधली ती अशी, की जी उघडायची भीती त्यांनाच वाटेल. पुढं त्याला अधूनमधून पहाऱ्यात घरी सोडायला लागले तेव्हा ते फोटो कपड्यांच्या आत, पोटाशी लावून, थोडे थोडे बाहेर काढले. त्यात नुसते अधिकारी नव्हते, कैद्यांचेही फोटो होते जे त्याला जाळायच्या ढिगात सापडले, भिंतीला टेकून उभी माणसं, केस विस्कटलेले, गंजीफ्रॉकवर, ज्यांच्याबद्दल नौदल म्हणत होतं की अशी कुणी माणसं आमच्याकडं कधी नव्हतीच. ते सगळं १९८४मध्ये बाहेर आलं, आयोगापुढं आणि पुढच्या वर्षी कोर्टापुढं.

चार प्रती वरिष्ठांना आणि एक ऑफिस कॉपी. आम्ही रोज करतो की हो हे. पाचवी कॉपी ही आपल्यासाठी असते, उद्या कुणी म्हणालं असं पत्र गेलंच नव्हतं तर दाखवायला.

अहवाल आला २० सप्टेंबर १९८४ला. सहा महिने दिले होते, नऊ लागले. ५० हजार पानांची कागदपत्रं, आणि यादीत ८९६० नावं. पुस्तकाचं नाव नुन्का मास, पुन्हा कधीच नाही. १९८५मध्ये लष्करशहांवर नागरी कोर्टात खटला चालला, सरकारी वकील स्त्रासेरा, त्यांनी ह्याच फायलींमधून ७०९ प्रकरणं निवडली, आठशेवर साक्षीदार आले, विदेला आणि नौदलप्रमुख मास्सेराला जन्मठेप. पुढं मग कायदे करून खटले थांबवले, पुढचे राष्ट्राध्यक्ष मेनेम, त्यांनी माफ्या देऊन सोडूनही दिलं, २००३ ते २००५मध्ये ते कायदे रद्द झाले, परत खटले, विदेला २०१३ला तुरुंगातच मेला. हे मी एका दमात सांगितलं पण त्यात लोकांची तीस वर्षं गेली.

८९६० ह्या आकड्यावरून मात्र आजही भांडतात. संघटना म्हणतात तीस हजार, दुसरी बाजू म्हणते आयोगाचाच आकडा बघा, नऊ हजारही नाहीत, उगीच फुगवलं. मला ह्याचा फार राग येतो, आणि तो माझ्या धंद्याचा राग आहे. फायलींची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. आयोगानं स्वतःच लिहून ठेवलंय की यादी अपुरी आहे. फाईल व्हायला कुणीतरी मागं उरावं लागतं, त्याला भीती वाटायला नको, त्याच्याकडं राजधानीला यायचं भाडं पाहिजे, आणि ऑफिसात कुठल्या खिडकीत जायचं ते माहीत पाहिजे. ज्या घरातले सगळेच गेले त्यांची फाईल कोण करणार? माझ्या रेकॉर्ड रूममध्ये नाही म्हणून ती जमीन नव्हतीच असं म्हणणारे लोक मी बघितलेत. तसंच, त्या पहिल्या अहवालाच्या प्रस्तावनेत डाव्या दहशतीचं आणि उजव्या दहशतीचं एकाच दमात आलंय त्यावरूनही खूप टीका झाली, आणि मला ती पटते, बाँब टाकणाऱ्याला पकडून खटला चालवता येतो, पण खटला चालवणारंच सरकार रात्री बिननंबरच्या गाडीतून आलं तर जायचं कुठं.

आयांबद्दल थोडं. ३० एप्रिल १९७७ला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यापुढच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. पोलीस म्हणाले जमाव करून उभं राहता येणार नाही, चला, हला. तर त्या चालायला लागल्या, दोघी दोघी, चौकातल्या स्तंभाभोवती. पोलिसांनीच सांगितलं ना हला म्हणून. दर गुरुवारी. ओळखू यावं म्हणून डोक्याला पांढरे रुमाल बांधले, पहिले रुमाल म्हणजे बाळाचे लंगोट होते. माझ्याकडं लाल रुमालात कागद बांधलेले असतात, त्यांच्याकडं पांढऱ्या रुमालात… जाऊ दे, उगीच कविता होईल. त्यांच्यातली पुढाकार घेणारी असुसेना व्हियाफ्लोर, तिला १९७७च्या १० डिसेंबरला उचललं. त्याच महिन्यात किनाऱ्यावर काही प्रेतं वाहून आली. तिथल्या पोलीस डॉक्टरनं बघून लिहिलं की उंचावरून पडून आदळल्याच्या जखमा आहेत, आणि हेनेराल लावाये गावच्या स्मशानात अनोळखी म्हणून पुरलं, वहीत नोंद केली. अठ्ठावीस वर्षांनी, २००५मध्ये, हाडांवरून ओळख पटली की त्यात असुसेनाही आहे. तिची रक्षा त्याच चौकात स्तंभापाशी पुरली.

ही हाडं ओळखणारी टीम आयोगाच्याच काळात सुरू झाली. आधी स्मशानांत बुलडोझर लावून उकरत होते, हाडं एकमेकांत मिसळून सगळा पुरावा मातीत. आयोगानं आणि बेपत्ता मुलामुलींची हिरावून नेलेली बाळं, म्हणजे आपली नातवंडं, शोधणाऱ्या आज्यांनी अमेरिकेतून तज्ज्ञ बोलावले, त्यात क्लाईड स्नो नावाचा माणूस होता, त्यानं विद्यार्थी हाताशी धरून ब्रश आणि छोट्या करण्या घेऊन उकरायला शिकवलं. त्या मुलांना पुढं एक गोष्ट लक्षात आली जी वाचून मला हसावं का रडावं कळेना. लष्कर गुपचूप मारत होतं, पण प्रेत रस्त्यावर टाकलं की खालची यंत्रणा आपलं रोजचं काम करत राहायची. पोलीस बोटांचे ठसे घ्यायचे, डॉक्टर दाखला लिहायचा, स्मशानातला कारकून वहीत ओळ टाकायचा, अनोळखी, पुरुष, वय अंदाजे २५, गोळीच्या जखमा, अमुक रांग, अमुक खड्डा. कुणी सांगितलं नव्हतं लिहू नको म्हणून. जे वर निरंक होतं ते खाली वहीत शाईनं लिहिलेलं होतं.

त्या कारकुनाला काय वाटत असेल मी पुष्कळदा विचार करतो. धाडस म्हणून लिहिलं असेल का सवयीनं? मला वाटतं सवयीनं.

आणि २००६ची गोष्ट. होर्हे हुलिओ लोपेस, म्हातारा गवंडी, तेव्हा उचलला गेलेला आणि वाचलेला, वर्षानुवर्षं सापडेल त्या कागदावर जे बघितलं ते लिहून ठेवायचा, चित्रं काढायचा. पोलीस अधिकारी एचेकोलात्सविरुद्ध त्यानं कोर्टात साक्ष दिली. १८ सप्टेंबर २००६ला तो घरातून नाहीसा झाला. लोकशाहीत, खटला चालू असताना. अजून सापडलेला नाही. अहवालाचं नाव पुन्हा कधीच नाही असं असलं तरी.

आता मूळ मुद्दा, रकान्याचा. लष्करानं १९७९मध्ये कायदा केला होता की बेपत्तांना मयत धरून टाकायचं, म्हणजे फायली बंद. आया म्हणाल्या जिवंत नेलंत, जिवंत परत आणा. लोकांना ते वेड वाटलं. मला नाही वाटलं, माझ्या घरी एक आहे. मग १९९४ला लोकशाही सरकारनं एक कायदा केला, २४३२१ नंबरचा, त्यात तिसरा रकाना आहे. सक्तीनं बेपत्ता केल्यामुळं अनुपस्थित. कोर्ट तसं जाहीर करतं, घरजमीन मार्गी लागते, बायकोला दुसरं लग्न करायचं तर करता येतं, आणि कुणालाही कुठंही मयत असं लिहावं लागत नाही. मेलाय असं म्हणायची जबाबदारी घरच्यांवर नाही. आणि सक्तीनं केल्यामुळं, म्हणजे करणारा कुणीतरी आहे, हे सरकारी कागदावर.

दिवाळीत आत्याकडं गेलो होतो तेव्हा हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा म्हणाली त्या पोराची आईच तिथं साक्षी लिहून घ्यायला बसायची का, मी म्हणलं हो. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यात तारीख कुठली टाकतात?"

मी सांगितलं, तक्रारीत जी असेल ती, नाहीतर शेवटची खात्रीची खबर ज्या दिवसाची असेल ती.

"नवमी होती," ती म्हणाली. "सकाळी एसटीला पोचवायला गेले मी. पांढरा सदरा होता, दुसरं बटण तुटलेलं, म्हणलं थांबा लावून देते, तर म्हणाले आल्यावर लाव, गाडी जाईल."

घरी आल्यावर मी तक्रारीची नक्कल काढून बघितली, माझ्याकडं आहे ती, आत्यानंच जपायला दिलेली. वर्णनात लिहिलंय, अंगात पांढरा शर्ट. बटणाचं काही नाही.